‘संग्राह्य’ लिहायच्या आधी

या आठवड्याचं पत्र :

“ताई, मी जुळे सोलापुरात राहते, वय २७. एका शाळेत मराठी शिकवते. गेले सहा महिने एका वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत मुलांच्या नव्या पुस्तकांवर दर महिन्याला चारशे शब्द लिहिते. मानधन नाही, पुस्तक ठेवून घेता येतं. सहाही पुस्तकांचं मी कौतुकच केलं. परवा मंडईत एका बाईंनी अडवलं. म्हणाल्या, ‘तुमचं वाचून घेतलं, २८० रुपये गेले, पोरानं दुसऱ्याच पानावर टाकून दिलं.’ मला काही बोलता येईना. त्यात आता आठवीला मराठी शिकवलेल्या माझ्या सरांनी कुमारांसाठी कथासंग्रह काढलाय, पदरचे पैसे घालून. ‘बेटा, तू चार ओळी लिही म्हणजे झालं,’ म्हणाले. बारा कथा आहेत. अकरा कथांमध्ये मोबाइल वाईट, आजी थोर आणि शेवटी मुलगा सुधारतो. एकच कथा वेगळी आहे. यंत्रमागाच्या कारखान्यात रात्रपाळीला असलेल्या वडिलांचा डबा घेऊन जाणाऱ्या मुलीची. ती मी दोनदा वाचली. काय लिहू? खोटं लिहवत नाही, खरं लिहायचा धीर होत नाही, आणि लिहिलंच नाही तर सरांना तोंड कसं दाखवू? इंग्रजी पुस्तकांच्या पाठीवर केवढं कौतुक छापलेलं असतं. मग आपल्याच माणसांच्या बाबतीत हात आखडता का घ्यायचा, असंही वाटतं. – गोंधळलेली विद्यार्थिनी”

अगं विद्यार्थिनी,

सरांचं नंतर बघू. आधी मंडईतल्या बाई.

सहा महिन्यांत तुझ्या लिखाणाचं पहिलं खरं परीक्षण त्यांनी केलं, आणि तेही एका वाक्यात, किंमत आणि पान क्रमांकासकट. तुझ्या एकाही लेखात पुस्तकाबद्दल इतकी नेमकी माहिती नसावी, असा माझा अंदाज आहे. चुकत असेन तर पुढच्या पत्रात भांड माझ्याशी.

तुझे सहा लेख काढ आणि लाल पेन घेऊन बस. ‘संस्कारक्षम’ दिसलं की खूण कर. ‘बालमनाचा वेध’, ‘मुलांच्या भावविश्वात अलगद नेणारं’, ‘सहज, सोपी, ओघवती भाषा’, ‘मुखपृष्ठ आकर्षक’, ‘प्रत्येक घरात असावं असं संग्राह्य’, इथेही खुणा कर. मग एक खेळ खेळ. खूण केलेलं प्रत्येक वाक्य उचल आणि दुसऱ्या एखाद्या पुस्तकाच्या लेखात ठेवून बघ. तिथेही तितकंच चपखल बसलं, तर पहिल्या ठिकाणी त्याचा काही उपयोग नव्हता असं समज. आमच्या पिढीनं ही वाक्यं इतकी वापरली की ती आता लग्नपत्रिकेतल्या ‘आपली उपस्थिती प्रार्थनीय’सारखी झाली आहेत. कुणी वाचत नाही, पण नसली तर चुकल्यासारखं वाटतं.

मी काही सोवळी नाही. बरीच वर्षं मी एका वाचनालयाचा मुलांचा विभाग सांभाळला. त्या काळात एका कवितासंग्रहाला मी स्वतः ‘संग्राह्य’ म्हटलं होतं. कवी ओळखीचे, प्रकाशनाच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसवलेलं, जेवणात हुरडा आणि शेंगाची चटणी, मग हात सैल सुटतोच. ते पुस्तक आमच्या कपाटात आलं. पुस्तकाच्या शेवटी परतीच्या तारखांचा शिक्का मारायचा कागद चिकटवलेला असतो, तो चार वर्षं कोरा राहिला. माझा शब्द खरा ठरला म्हणायचा, पुस्तक संग्रहातच राहिलं. शेजारीच एक फाटकं, शिवण उसवलेलं भुताच्या गोष्टींचं पुस्तक होतं. त्याच्या शेवटी मला तीनदा नवा कागद चिकटवावा लागला, आणि त्या पुस्तकाबद्दल कुणी कधी एक ओळसुद्धा लिहिली नव्हती. तेव्हापासून पुस्तकाबद्दल काही लिहायच्या आधी मी मागचा कागद बघते.

तुझ्याकडे तो कागद नाही, पण वर्ग आहे, आणि तो त्याहून चांगला. पुस्तक आलं की आधी स्वतः वाच, मग ऑफ तासाला पाच-सात मुलांना मोठ्यानं वाचून दाखव. हातात पेन्सिल ठेव. मुलं कुठे चुळबुळतात, कुठे ‘मॅडम, पुढे?’ म्हणतात, कुठे हसतात, आणि लेखकानं जिथे हसायला सांगितलंय तिथे गप्प बसतात का, हे समासात टिपून ठेव. एका पानाला एक खूण पुरे. त्या खुणांमधूनच तुझे चारशे शब्द निघतील. ‘अकराव्या पानावर बकरी पोस्टाच्या पेटीत तोंड घालते तेव्हा सातवी ‘ब’ इतकी हसली की शेजारच्या वर्गातून निरोप आला,’ एवढं लिहिलंस की मंडईतल्या बाईंना आपल्या पोरासाठी पुस्तक घ्यायचं की नाही ते बरोबर ठरवता येईल. (बकरी मी आत्ता रचली. तू खरी शोध.)

भाषेबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण आपण सोलापुरात आहोत. ‘सोपी भाषा’ म्हणजे कुणाला सोपी? अशोक चौकाच्या पलीकडे पूर्व भागात गेलीस तर मूल घरी तेलुगू बोलतं, शाळेत मराठी, आणि गल्लीत खेळताना तिसरंच काहीतरी. अक्कलकोटच्या बाजूला घरात कन्नड असतं. उर्दू शाळेतल्या मुलांना मराठी भेटते ती एका तासापुरती. पुण्याच्या सदाशिव पेठेत ओघवतं वाटणारं वाक्य विडी घरकुलातल्या, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतल्या पोरीला तीन ठिकाणी ठेच लावू शकतं. उलटंही होतं. ‘लै’ आणि ‘काय की’ असलेला संवाद ऐकून ही मुलं सरसावून बसतात. तेव्हा ‘सोपी’ हा शब्द कायमचा टाकून दे. कोणत्या मुलानं वाचलं, कुठे अडलं, विचारावं लागलं की अंदाजानं पुढे गेलं, हे सांग. हे लिहिणारं माणूस या शहरात मिळणं अवघड, आणि तू रोज त्याच मुलांसमोर उभी असतेस.

हे कान तयार करायला एक सोपी गोष्ट सांगते. ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशनसंस्थेचं ‘स्टोरीवीव्हर’ हे मुलांच्या गोष्टींचं संकेतस्थळ २०१५ पासून फुकट उघडं आहे. तिथे एकच गोष्ट मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा वेगवेगळ्या भाषांमध्ये सापडते, आणि प्रत्येक पुस्तकावर वाचनाची पातळी १ ते ४ अशी लिहिलेली असते. एक गोष्ट निवड, दोन मुलांना दोन भाषांत वाचायला दे आणि नुसती ऐकत बस. कुठे मराठी आखडते आणि कुठे तेलुगू सैल सुटते, ते चार दिवसांत कळायला लागेल. तसंच ‘किशोर’. १९७१ पासून बालभारती ते मासिक काढते आणि त्याचे जुने अंक आता संगणकावर वाचायला मिळतात. सत्तरच्या दशकातला एखादा अंक आणि गेल्या वर्षीचा एखादा अंक शेजारी शेजारी ठेवून वाच. मुलांशी बोलण्याचा सूर कसा बदलत गेला ते बघ. त्यानंतर सरांच्या अकरा कथांचा सूर कोणत्या सालातला आहे हे तुला कुणी सांगावं लागणार नाही.

आता इंग्रजी पुस्तकांच्या पाठीवरचं कौतुक. ते बघून हुरळू नकोस आणि त्याला हसूही नकोस. ते कुठून आलं ते कळलं की त्याचं वजन कळतं. बर्था महोनी नावाच्या बाईंनी १९१६ साली अमेरिकेत बॉस्टन शहरात खास मुलांच्या पुस्तकांचं दुकान काढलं. त्याच दुकानातून १९२४ मध्ये ‘हॉर्न बुक’ हे मुलांच्या पुस्तकांवरचं नियतकालिक निघालं. म्हणजे लिहायच्या आधी काही वर्षं त्या बाई काउंटरमागे उभ्या राहून, पोरं कोणतं पुस्तक उचलतात आणि कोणतं परत ठेवतात हे बघत होत्या. दुसऱ्या व्हर्जिनिया कर्कस. त्या हार्पर या प्रकाशनसंस्थेत मुलांच्या पुस्तकांचा विभाग बघायच्या. मंदीच्या काळात तो विभाग बंद झाला आणि १९३३ मध्ये त्यांनी स्वतःचं काम सुरू केलं. पुस्तक बाजारात यायच्या आधीच त्याची छपाईपूर्व प्रत मागवायची, वाचायची आणि दुकानदारांना कळवायचं, हे घ्या, हे राहू द्या. पैसे दुकानदार भरायचे. इथेच खरी मेख आहे. पैसे परीक्षण वाचून खरेदी ठरवणाऱ्याकडून येत होते, त्यामुळे ‘राहू द्या’ म्हणायला त्यांना कुणाची भीड नव्हती. आज तिथल्या पुस्तकांवर ‘स्टार्ड रिव्ह्यू’ असं मिरवलेलं असतं. हा तारा अशाच नियतकालिकांनी शेकडो पुस्तकांमधून वेगळ्या काढलेल्या पुस्तकांना दिलेला असतो, आणि तो मुख्यतः ग्रंथपाल आणि दुकानदार यांच्यासाठी असतो. पुढे या बाईंच्या नावानं चालणाऱ्या ‘कर्कस’ नियतकालिकानं स्वतः पुस्तक छापणाऱ्यांसाठी पैसे घेऊन परीक्षण करायची खिडकीही उघडली, हेही ध्यानात असू दे.

आणि पाठीवर जे छापतात ते तर वेचलेलं असतं. ‘पहिली पन्नास पानं रटाळ आहेत, पण शेवट विलक्षण’ या वाक्यातलं ‘विलक्षण’ तेवढं पाठीवर चढतं, बाकीची तीन टिंबं होतात. तुझंही तसंच होणार. म्हणून असं वाक्य लिही की एक शब्द तोडून घेतला तर त्याला काही अर्थ राहू नये.

आपल्याकडचा पुरस्काराचा शिक्काही असाच नीट बघून घ्यावा. साहित्य अकादेमी २०१० पासून बालसाहित्याला पुरस्कार देते, ५० हजार रुपये आणि ताम्रपट. मान मोठा आहे आणि त्यातून चांगले लेखक घराघरात पोचले. पण त्यासाठी पुस्तक विचारात घेतात ते मागच्या पाच वर्षांच्या टप्प्यातलं. त्यामुळे शिक्का दिसला म्हणजे पुस्तक नवं, असं धरू नकोस. आणि परीक्षकही मोठी माणसंच असतात. मूल त्या खोलीत नसतं.

हात आखडता घ्यायचा का, हे तू विचारलंस त्याचं माझं उत्तर असं : कौतुक भरपूर कर, पण ते कशाचं आहे ते दाखव. मराठीत चित्रकाराचं नावसुद्धा न घेता परीक्षणं लिहिली जातात, पुस्तक निम्मं चित्रांचं असलं तरी. तिथे सढळ हो. चित्रातल्या मुलीच्या फ्रॉकला ठिगळ आहे आणि मजकुरात त्याचा उल्लेख नाही, हे चित्रकारानं पाहिलं, तर ते सांग. अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव पहिल्या ओळीत घे. किंमत, पानं, अक्षराचा आकार आणि कोणत्या इयत्तेनं वाचलं, एवढं शेवटी एका ओळीत दे. वाचनालयं याच ओळीवर खरेदी ठरवतात. वर्षाचं अनुदान हातात पडलं की मार्चअखेर खरेदीची घाई असते आणि त्या घाईत ‘संग्राह्य’ वाचून पुस्तकं उचलली जातात. हे मी स्वतः केलंय.

सरांचं पुस्तक कुमारांसाठी आहे म्हणालीस. तिथे आणखी एक गाठ आहे. आपल्याकडे सहावीपर्यंत ससा-कासव आणि त्यानंतर एकदम मोठ्यांच्या कादंबऱ्या. मधली पाच वर्षं मूल एकतर अभ्यास करतं नाहीतर मोबाइल बघतं. अमेरिकेतल्या ग्रंथपालांच्या संघटनेनं या वयासाठी १९५७ सालीच वेगळा विभाग काढला आणि २००० पासून या वयाच्या पुस्तकांना ‘प्रिंट्झ’ नावाचा स्वतंत्र पुरस्कार दिला जातो. तिथेही वाद आहेतच. कोणतं पुस्तक शाळेत ठेवायचं यावरून पालक आणि ग्रंथपाल भांडत असतात. पण भांडायला पुस्तकं तरी आहेत. आपल्याकडे तेरा वर्षांच्या मुलीच्या पुस्तकात पाळी आली, बाप पिऊन आला, वर्गात कुणी जातीवरून बोललं, की परीक्षण लिहिणारा लगेच विचारतो, ‘हे मुलांना योग्य आहे का?’ तो प्रश्न तुझ्या लेखात पहिला येऊ देऊ नकोस. गोष्ट खरी वाटते का, हे आधी विचार. योग्य-अयोग्य ठरवायला घरी आई आहे.

आणि ही सुधारणारी मुलं! अकरा कथांत अकरा मुलं सुधारली म्हणतेस. तू किती वर्षं शिकवतेस? आजवर किती मुलं शेवटच्या परिच्छेदात सुधारलेली पाहिलीस?

असो. सर.

काही जण सुचवतील, गप्प बस, लिहूच नकोस. तसं करू नकोस असं मला वाटतं. सोलापुरात गप्प बसण्यालाही आवाज असतो. तू नवी पेठेत एखाद्या दुकानात शिरशील आणि सर समोरून येतील, मग तू चपला बघत बसशील. शिवाय त्या बारा कथांत एक अशी आहे की तू ती दोनदा वाचलीस. एका संग्रहात एवढं मिळालं तर कमी नाही. बऱ्याच संग्रहांत एकही निघत नाही.

पहिल्या ओळीत सांगून टाक, ‘लेखकानं मला आठवीला मराठी शिकवलं.’ वाचणारा तेवढं वजन काट्यातून कमी करून पुढे वाचेल. मग चारशेतले तीनशे शब्द त्या डब्याच्या कथेला दे. मुलगी कारखान्यात शिरते तेव्हा मागांच्या खडखडाटात तिला बापाचं बोलणं ऐकू येतं का, की ती ओठ बघून समजते? धोटा, कांडी, ताणा हे मागावरचे शब्द सरांनी न समजावता वापरलेत का? तुझ्या वर्गात माग चालवणाऱ्याची पोरं असतीलच. त्यांना ती वाचून दाखव आणि ती काय म्हणाली ते लिही. माझा अंदाज आहे की सरांनी ती कथा ठरवून लिहिलेली नाही. बाकीच्या अकरा ठरवून लिहिल्या. हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं, आणि बहुतेक आजवर कुणी सांगितलेलं नाही. प्रकाशनाच्या दिवशी शाल-श्रीफळ देताना असं कुणी बोलत नाही.

उरलेल्या शंभर शब्दांत एक सरळ वाक्य असू दे. ‘संग्रहातल्या इतर कथा मुलांना उपदेश करतात आणि मुलांनी तिथे चुळबुळ केली.’ एवढंच. खिल्ली नको, ‘मात्र’ लावून साखर नको, आणि ‘पुढील लेखनास शुभेच्छा’ तर मुळीच नको. ती ओळ वाचली की लेखकाला आपण नापास झालो हे कळतंच.

छापून यायच्या आधी सरांना भेट. लेख दाखवायला जाऊ नकोस, परवानगी मागायला तर अजिबात नको. रविवारी सकाळी चहाच्या कपाबरोबर पेपरमधून त्यांना कळू नये, तेवढ्यासाठी जायचं. ‘सर, मी डब्याच्या गोष्टीबद्दल लिहिलंय, आणि बाकीच्या मला उपदेशाच्या वाटल्या, तेही लिहिलंय,’ हे तू त्यांच्या समोर बसून म्हणायचं. अवघड जाईल. कदाचित ते रागावतील, कदाचित चहा न देता उठतील. निवृत्तीनंतर पदरचे पैसे घालून छापलेलं पुस्तक म्हणजे काय असतं, ते तुला अजून माहीत नाही. मी त्या वयात आहे, मला माहीत आहे. त्यांना राग आला तर तो त्यांचा हक्क आहे. तू तो ऐकून घे आणि वाद घालू नकोस. पण ज्यांनी आठवीत तुझ्या निबंधावर लाल शाईनं ‘पाल्हाळ’ लिहिलं असेल (सगळ्या मराठीच्या सरांनी कधी ना कधी ते लिहिलेलं असतं), त्यांना आपल्या विद्यार्थिनीनं हे नेमकं कुठून शिकलं, हे आठवायला फार वेळ लागू नये.

आणि त्या मंडईतल्या बाई पुन्हा भेटल्या तर पळू नकोस. त्या पोरानं दुसऱ्या पानावर नेमकं कुठे सोडलं, ते विचार. जमलं तर पुढच्या पुस्तकाच्या वेळी त्या पोरालाच बोलवून घे.

सरांकडे शनिवारी संध्याकाळी जा. उन्हाची जाऊ नकोस. पुस्तकाची तुझी वाचलेली प्रत घेऊन जा, आणि समासातल्या पेन्सिलच्या खुणा खोडू नकोस.

– तुझी ताई